केसभर सैल

तीन दिवस झाले, आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतोय.
टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर
फोर्टेन गुरुजींच्या दुर्बिणीचा खालचा भाग.
दुर्बीण नव्हे, तिला पेलणारा, फिरवणारा तो लोखंडी जीव,
ज्याला कात्रीना नुसतं ‘गाढव’ म्हणते.

मी मेंढ्या कातरणारा. पाठ त्यातच गेली.
ती कातरयंत्रं दुरुस्त करणारी;
विलिस्टनपासून फ्रेझरबर्गपर्यंत
तिच्या पान्यांचा आवाज न ऐकलेली शेड नाही.
म्हणून गुरुजी गेल्यावर शाळेने गाढव आमच्या दारात उतरवलं.
म्हणाले, तारा धरतं आणि सोडून देतं.

पहिल्या रात्री तिने सगळं सोडवलं.
आतलं ग्रीस म्हणजे मेंढीच्या कानातला मळ,
काळं, चिवट, कारूची वीस वर्षांची धूळ प्यालेलं.
रॉकेलची वाटी, माझा जुना टूथब्रश,
पितळी चाकाचे एकशे चव्वेचाळीस दात
तिने एकेक करून घासले.
माझे दोन पडलेत, त्यांची चौकशी नाही.
बेअरिंग कानाशी धरून फिरवलं.
‘खडा आहे.’
मला काहीच ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाकाखालून पत्र्याचा तुकडा निघाला,
कात्रीने कापलेला, कडा वेड्यावाकड्या.
उलटा केला तर माशाची अर्धी शेपटी.
पिल्चर्डचा डबा!
आणि हा माणूस आम्हाला भूमिती शिकवायचा,
पट्टीशिवाय रेघ मारली तर हातावर पट्टी.
कात्रीना खूप हसली.
मग तिने जाडी मापली,
आणि पुन्हा मापली.
तिने स्वतः घासून केलेला नवा पितळी तुकडा
मुकाट्याने खिळ्यांच्या डब्यात गेला.
मासा पुसला, होता तिथे सरकवला.

काल संध्याकाळी गाढव लोण्यासारखं फिरत होतं.
दातात दात, मध्ये वारासुद्धा जाणार नाही.
आठ वाजता अंगणात नेलं. उणे चार.
अडलं.
मोटर कण्हली, गाढव हलेना.
चुलीच्या उबेत घेतलेलं माप
चुलीपुरतंच खरं होतं.
तिने हातमोजे काढून दातांत धरले,
बारीक किल्ली घातली, आणि पाव फेऱ्याचाही पाव,
तेवढं वर्म मागे घेतलं.
तोंडात मोजे, त्यामुळे काय म्हणाली कळलं नाही.
शिवी असावी.

पुढचं काम माझं.
उत्तरेकडच्यांना ध्रुव असतो म्हणे,
ठोकलेला खुंटा; गाढव त्याला बांधलं की निघाले झोपायला.
आमच्याकडे ते अढळपद रिकामं.
जवळपास एक फिकट तारा घुटमळतो,
पण माझ्या डोळ्यांना तो कधी आहे, कधी नाही.
म्हणून आम्ही चालता तारा धरतो,
आणि तो कुठे चुकतो ते बघत बघत
न दिसणाऱ्या खुंट्याकडे सरकतो.

चित्रा तारांच्या फुलीवर.
मी वाकलेला, एक डोळा मिटून.
‘वर चाललीय.’
ती बोल्ट पिळते.
‘अजून वर. आता खाली. नाही, थांब, माझा श्वास काचेवर बसला.’
दोन तास.
कुठल्या तरी शेतावर पवनचक्की कुरकुरत होती
आणि कात्रीना मध्येच त्या दिशेने मान वळवून
‘तेल नाही’ म्हणाली.

मग चित्रा फुलीवर बसली ती बसलीच.
मी शंभरपर्यंत मोजलं.
मग मेंढ्या मोजतात तसं जोडी-जोडीने, पुन्हा.
पाठ ओरडत होती, तरी उठलो नाही.
गुरुजींचा मासा त्या चाकाखाली
आकाशाचा भार घेऊन पडला होता,
आणि मला उगाच वाटलं की हातावर पट्टी बसेल,
म्हणून बोटं खिशात घातली.

‘बोल ना फ्लूअर्स, हलली?’
‘नाही.’
‘टेकू नकोस मग.’
तिने दिवा विझवला, स्वतः बघितलं, बराच वेळ,
आणि म्हणाली, दुसऱ्या अक्षात अजून खडा आहे.

टेबल रविवारपर्यंत विसरायचं.
आत येऊन ताट मांडीवर घेतलं.
मटण गार, आणि त्याला
थोडासा रॉकेलचा वास.